बंडूजींचं लक्ष कुठं असते?

सिंदी रेल्वेच्या बंडूजी साटोणेंना नेमकं काय झालं आहे, हे शोधायला वर्ध्याच्या मानसशास्त्रज्ञ मॅडमना तीन बैठका लागल्या. गावाला एवढा वेळ कधीच लागला नव्हता. बंडूजी सहा वर्षांचे होते तेव्हाच गावानं निदान करून टाकलं होतं, तेही नाडी न बघता. वडील वासुदेवराव म्हणत, पोट्टा निष्काळजी आहे. शाळेतले गुरुजी प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच ओळ लिहीत, "हुशार आहे, पण लक्ष देत नाही." पुढे एका ज्योतिषानं राहू काढला आणि बोटात गोमेद अडकवला. ती अंगठी बंडूजींनी आठव्या दिवशी हरवली. स्टेशनाजवळच्या पानठेल्यावर बसणारे भैय्याजी, ज्यांनी उभ्या आयुष्यात त्या ठेल्यापुढच्या बाकाखेरीज दुसरी कोणतीच जागा नेटानं सांभाळली नव्हती, त्यांचं मत असं की बंडूत जबाबदारीची जाणीव नाही. अशी सगळी तज्ज्ञ मंडळी हाताशी असल्यामुळं अठ्ठेचाळीस वर्षं कोणाला डॉक्टरची गरज वाटली नाही.

बंडूजींचा धंदा मंडपाचा. "लक्ष्मीछाया बिछायत केंद्र" ही पाटी वासुदेवरावांनी लावली होती. मंडप, कनाती, गाद्या, खुर्च्या, मोठाली भांडी आणि एक म्हातारा मिनीट्रक असा तो पसारा वडिलांच्या मागं मुलाकडं आला. बंडूजींच्या हातात कला होती, हे शत्रूही कबूल करत. साध्या पांढऱ्या कापडाला ते अशी चूण घालत की नवरीची आई डोळे पुसायची. अडचण एवढीच होती की हे कापड कोणत्या गावात आणि कोणत्या तारखेला लागेल, हे नवरीच्या नशिबावर सोडलेलं असे. गोदामात त्यांचे तीन शोध अर्धवट पडले होते: घडी होणारा बाक, ड्रमचा कूलर आणि खड्डा न खणता उभा राहणारा मंडपाचा खांब. चौथा शोध सुरू झाला की तिसरा पूर्ण झाला असं धरायचं, अशी त्यांची पद्धत होती.

त्यांची बायको प्रमिलाबाई या पद्धतीत चोवीस वर्षं संसार करत होती. स्वतःच्या लग्नात बंडूजी मुहूर्ताला हजर नव्हते. मांडवामागं जनरेटर उघडून बसले होते. मुंडावळ्यांना ग्रीस लागलेला तो नवरदेव बघून प्रमिलाबाईंना हसू आलं होतं. पुढे हसू कमी होत गेलं. माहेराहून आणायला येतो सांगून ते आले नाहीत. मुलीच्या, सपनाच्या, शाळेच्या कार्यक्रमाला गेले ते कार्यक्रम संपल्यावर. प्रमिलाबाईंच्या आईनं त्यांना एक गोष्ट शिकवून पाठवली होती, की माणसाला ज्याची किंमत असते ते माणूस विसरत नाही. या हिशोबानं आपली किंमत काय, हे प्रमिलाबाईंनी कधीच ताडलं होतं, आणि ते कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. त्या फक्त रोज सकाळी विचारत, "तुमचं लक्ष कुठं असते जी?" बंडूजी प्रामाणिकपणे उत्तर शोधायचे. उत्तर सापडेपर्यंत ते दुसऱ्याच कामाला लागलेले असत.

मग मागल्या वर्षीच्या मे महिन्यात सिंदी मेघेचं साक्षगंध आलं.

सिंदी मेघे म्हणजे वर्ध्याला लागून असलेली दुसरी सिंदी. तिथं हरिदास उईके, वनखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, यांच्या धाकट्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, गुरुवारी अकरा वाजता होतं. शुक्रवारी सेलूला वच्छलाबाई नावाच्या बाईंकडं नातवाचं बारसं. दोन दिवस, दोन गावं. गोंधळ होण्यासारखं त्यात काही नव्हतं. गुरुवारी पहाटे ट्रकचा ड्रायव्हर नत्थू यानं विचारलं, माल कुठं उतरवायचा. त्या क्षणी बंडूजींच्या डोक्यात सेलूच्या अरुंद अंगणात बसेल अशी घडीची कमान उघडझाप करत होती. ते म्हणाले, "सेलू." नत्थू तीस वर्षांपासूनचा जुना माणूस. मालकाला उलट विचारलं तर मालकाच्या डोक्यात आणखी काहीतरी सुरू होतं, हे तो शिकला होता. तो गेला.

बंडूजी मोटरसायकलवर पुढं निघाले आणि वाटेत एका वेल्डरकडं कमानीचं माप द्यायला पाच मिनिटं थांबले. ही पाच मिनिटं पावणेदोन तासांची झाली. साडेनवाला ते सिंदी मेघेला पोचले तेव्हा उईकेंच्या घरासमोरचं मैदान जसं देवानं केलं तसंच होतं. बेचाळीस डिग्रीचं ऊन, आणि त्यात आचारी, पाहुणे आणि हरिदासजी उभे. बंडूजींनी नत्थूला फोन लावला.

"कुठं हायेस बे?"

"मांडव झाला मालक. झालर लावून राह्यलो."

"मले तं दिसून नाई राह्यला."

"सेलूत उभं राहून दिसन नाई कसा? तुमी कुठं हाय?"

इकडं सेलूत वच्छलाबाई मांडव घालणाऱ्या पोरांना चहा पाजून सगळ्या आळीला सांगत होत्या की बंडूजीबद्दल लोक उगाच काहीबाही बोलतात, माणूस एक दिवस आधीच काम करून देतो. बंडूजींच्या धंद्याच्या इतिहासात अशी तारीफ पहिल्यांदाच झाली होती, आणि ती ऐकायला ते तिथं नव्हते.

हरिदासजी जंगलात आयुष्य काढलेला शांत माणूस. ते एवढंच म्हणाले की दीड तासानं वराकडची मंडळी येतील. त्यांच्या थोरल्या मुलीनं, अंजूनं, मात्र बंडूजींना जे सुनावलं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. बंडूजींनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. सगळं बिघडलं, वेळ संपत आली आणि लोक ओरडायला लागले की या माणसाचं डोकं कसं कोण जाणे एकदम ठिकाणावर यायचं.

शेजारी घराचं बांधकाम चालू होतं, तिथले पाइप त्यांनी मागून घेतले. जवळच्या रोपवाटिकेतून हिरवी जाळी आणली, गणपती मंडळाच्या खुर्च्या आणल्या, शाळेच्या सतरंज्या आणल्या. आळीतल्या बायकांना म्हणाले, ठेवणीतल्या साड्या काढा, डाग लागला तर बंडू साटोणे जबाबदार. साक्षगंधाला मान घ्यायला आधीच येऊन बसलेले नवरदेवाचे मोठे मामा स्टुलावर चढून तार धरून उभे होते आणि बंडूजी त्यांना, ते कोण हे ठाऊक नसल्यानं, "सरळ धर ना गा" म्हणून दटावत होते. अकरा वाजून दहा मिनिटांनी मांडव उभा होता. हिरव्या सावलीत रंगीत साड्यांच्या चुणी वाऱ्यानं हलत होत्या. वराकडच्या एका सुशिक्षित पाहुण्यानं विचारलं, ही पर्यावरणपूरक थीम कोणाकडून करून घेतली.

जेवणं झाल्यावर अंजू बंडूजींना शोधत आली. ती नागपूरच्या एका दवाखान्यात मानसशास्त्रज्ञ आहे, हे तिनं तेव्हा सांगितलं. बंडूजींना वाटलं, आता दुसरा हप्ता. पण तिनं माफी मागितली आणि विचारलं, हे असं नेहमी होतं का, आणि लहानपणापासून होतं का. बंडूजी हसले. म्हणाले, लहानपणापासून हुशार आहे, पण.

"या 'पण'ची एकदा तपासणी करून घ्या काका," अंजू म्हणाली. "मी नाही करणार. मी सकाळी तुमच्यावर एवढी रागावले होते. रागावलेल्या माणसानं तपासू नये. वर्ध्यात ज्योत्स्ना भोयर म्हणून आहेत, त्यांच्याकडं जा."

तिनं कार्ड दिलं. घरी ऐकून प्रमिलाबाई म्हणाल्या की हे भलतंच. "चोवीस वर्षं मी जे फुकट सांगून राह्यली, ते पैसे देऊन ऐकाले वर्ध्याले जाता?"

बंडूजी गेले. निदान निघाले तरी. कार्ड अर्थातच हरवलं होतं. वर्ध्याच्या बसस्टँडवर त्यांनी एका ऑटोवाल्याला डोक्याचे डॉक्टर विचारले, आणि त्यानं बंडूजींच्या टकलाकडं एक नजर टाकून त्यांना केस उगवून देणाऱ्या दवाखान्यासमोर नेऊन सोडलं. तिथं त्यांचं लक्षपूर्वक ऐकून घेण्यात आलं आणि तेलाची बाटली देण्यात आली. दुसऱ्या वेळी ते बरोबर इमारतीत पोचले, बरोबर दिवशी आणि वेळेच्या अर्धा तास आधी. पण खाली चष्म्याच्या दुकानाचं शटर अडकलं होतं. बंडूजी वर पोचले तेव्हा ज्योत्स्ना मॅडम कुलूप लावत होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, मोजकं बोलणाऱ्या त्या बाईंनी त्यांच्या ग्रीसनं माखलेल्या हातांकडं बघितलं, काय झालं ते विचारलं, पर्समधून डायरी काढून दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, तपासणी आजपासून सुरू झाली असं समजा, पुढच्या वेळी सोबत घरचं कोणी आणा.

तिसऱ्यांदा प्रमिलाबाईंनी त्यांना नेलं, बैल बाजाराला नेतात तसं, पुढं घालून.

बंडूजींना वाटलं होतं की डोक्याला तारा लावतील, फोटो काढतील. मॅडमनी फक्त विचारलं. शाळा कशी होती, झोप कशी लागते, दारू किती, मन उदास राहतं का, धडधड होते का. थायरॉइडची तपासणी करून आणायला सांगितली, कारण लक्ष लागत नाही एवढ्यावरून कोणाला काही ठरवता येत नाही, त्याला शंभर कारणं असतात, असं त्या म्हणाल्या. पानठेल्यावर या मुद्द्याचा कधी विचार झाला नव्हता. मग त्यांनी प्रश्नांचा कागद काढला. किती वेळा होतं ते सांगायचं, कधीच नाही ते नेहमी.

"समोरच्याचं बोलणं पूर्ण व्हायच्या आधीच तुम्ही उत्तर..."

"नाई," बंडूजी म्हणाले.

प्रमिलाबाईंनी छताकडं बघितलं. सातव्या प्रश्नाला मॅडमच्या पेनाचं टोक बाहेर येईना. पुढची दहा मिनिटं पेन बंडूजींच्या ताब्यात होतं आणि मॅडम घड्याळ बघत शांत बसल्या होत्या. पेन दुरुस्त झालं. प्रश्न कोणता होता हे कोणाला आठवेना, पण मॅडमना उत्तर मिळालं असावं.

दुसऱ्या बैठकीला मॅडमनी आईला बोलावलं. त्यांना ज्या आजाराची शंका होती तो असेल तर लहानपणापासून असतो, मोठेपणी अचानक उगवत नाही. म्हणून लहानपणाचा साक्षीदार हवा. भागाबाई शहात्तर वर्षांच्या. त्या काठी टेकत दोन जिने चढल्या आणि खुर्चीत बसल्याबरोबर सांगायला लागल्या. बंडू नऊ वर्षांचा असताना गाय अडली होती. त्याला ढोरांच्या डॉक्टरला बोलवायला पिटाळलं. वाटेत जिनिंग लागली. कापसातून सरकी वेगळी कशी होते ते बघत पोट्टा दारात उभा राहिला तो दिवस मावळेपर्यंत. घरी आला आणि मशीन कशी चालते ते सगळं बापाला समजावून सांगायला लागला. गाय तोवर आपली आपण मोकळी झाली होती.

"मग काय केलं त्यांच्या बाबांनी?" मॅडमनी विचारलं.

"मारलं," भागाबाई म्हणाल्या. "लय मारलं. तो मार खाऊन राह्यला होता अन् विचारत होता का गाय कशी हाय."

मग त्यांनी पिशवीतून बंडूजींची प्रगतिपुस्तकं काढली. नवऱ्याला न सांगता त्यांनी ती चाळीस वर्षं पेटीत ठेवली होती. का ठेवली ते त्यांनाही सांगता येईना. मॅडमनी एकेक उघडून वाचलं. पहिली ते सातवी, गुरुजी तीन बदलले, शाई बदलली, ओळ तीच. चौथीतल्या गुरुजींनी "मुद्दाम" हा शब्द जादा घातला होता. मॅडमनी तो शब्द पुन्हा एकदा वाचला. पुस्तकं नीट परत पिशवीत घातली आणि पिशवी भागाबाईंच्या हातात दिली.

तिसऱ्या बैठकीत त्यांनी निकाल सांगितला. एडीएचडी. नाव इंग्रजी आहे, त्याला घाबरू नका, म्हणाल्या. लक्ष कमी आहे असा त्याचा अर्थ नाही. पेन उघडलं तेव्हा दहा मिनिटं तुम्ही हललाही नाहीत. लक्ष भरपूर आहे, पण ते तुमच्या सांगण्यावर जात नाही आणि तुमच्या सांगण्यावर परतही येत नाही. हा स्वभावाचा दोष नाही, संस्काराचा नाही. मेंदूची घडणच अशी आहे, आणि त्यावर उपाय आहेत. गोळी लागेल, ती मी लिहून देऊ शकत नाही, त्यासाठी मनोविकारतज्ज्ञाकडं चिठ्ठी देते. ते आधी रक्तदाब आणि हृदय तपासतील. बाकीचं काम आपण इथं करू.

बोलल्या त्या प्रमिलाबाई.

"म्हणजे हे मुद्दाम नव्हते करून राह्यले?"

"नाही."

"मले आणाले नाई येत होते, ते बी?"

"तेही नाही," मॅडम म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, "मुद्दाम केलं नाही, म्हणून तुम्हाला लागलं नाही असं मात्र नाही. ते दोन्ही खरं आहे."

प्रमिलाबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि बराच वेळ काढला नाही. बंडूजींना काय करावं कळेना. टेबलावर पेन होतं, पण त्यांनी त्याला हात लावला नाही.

परत येताना बसमध्ये सेलू गेल्यावर बंडूजी म्हणाले, "बाबा असते तं सांगतलं असतं त्याईले."

"काय सांगतलं असतं?"

"का मी टाळत नव्हतो म्हणून."

लोकांना वाटतं, आजाराचं नाव कळलं की माणूस सुटतो. बंडूजी सुटले नाहीत. त्यांना राग आला. पुढचे आठ दिवस ते गोदामात खांब इकडचे तिकडं आपटत होते. राग काढायचा कोणावर हा प्रश्न होता. वडील गेले होते, तिन्ही गुरुजी गेले होते, ज्योतिषी दुसऱ्या गावी जाऊन नगरसेवक झाला होता. अठ्ठेचाळीस वर्षं चुकीच्या गुन्ह्याची सजा भोगली आणि सुटून आल्यावर बघतात तर कोर्टच उठून गेलेलं.

गावाला बातमी कळायला जेवढा वेळ लागायला हवा तेवढाच लागला. भैय्याजींनी ठेल्यावर जाहीर केलं की बंडूला एचडी झाला आहे. टीव्हीत असतो तो का, असं कोणी विचारलं, तर भैय्याजी म्हणाले, हो, पण डोक्यात. आमच्या काळी असलं काही नव्हतं, असंही ते म्हणाले. त्यांच्या काळी काय नव्हतं याची यादी फार मोठी होती आणि तिच्यात कामधंदाही होता.

सगळ्यात मोठी मौज पुढं झाली. जाम गावच्या एका व्यापाऱ्यानं मुलाच्या लग्नाचा मंडप ठरवला होता, त्यानं निरोप पाठवून रद्द केला. डोक्याच्या डॉक्टरकडं जाणाऱ्या माणसाच्या हाती घरचं कार्य कसं द्यायचं, असं त्याचं म्हणणं. याच व्यापाऱ्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नात बंडूजी गाद्या विसरले होते आणि वऱ्हाड जमिनीवर निजलं होतं, तेव्हा त्यानं हसून सोडून दिलं होतं. म्हणजे माणूस बिघडलेला होता तोवर चालत होता. दुरुस्तीला काढला तसा लोकांचा भरोसा उडाला.

गोळी सुरू झाली. विसरणाऱ्या माणसाला दिलेली गोळी रोज सकाळी आठवणीनं घ्यायची असते, ही गंमत वैद्यकशास्त्रानं कशी केली हे बंडूजींना अजून उमगलेलं नाही. प्रमिलाबाईंनी डबी चहाच्या डब्यात ठेवली. चहा बंडूजी विसरत नसत. पहिल्या आठवड्यात भूक मेली, तोंड कोरडं पडलं. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, मग हळूहळू वाढवली. आणि एका सकाळी बंडूजी खुर्च्या मोजत होते. दोनशे चाळीस मोजून झाल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण मध्ये कुठंच गेलो नाही. ते तिथंच एका खुर्चीवर बसले. इतर माणसं रोज सकाळी हे असं करतात, काही न बिघडता, कोणी न ओरडता, हे कळल्यावर त्यांना थोडा वेळ उठवेना.

गोळीनं एवढं झालं. बाकीचं मॅडमनी मागं लागून करून घेतलं. दर पंधरा दिवसांनी जायचं. डोक्यात काही ठेवायचं नाही, सगळं भिंतीवर. गोदामाच्या दारात काळा फळा लागला. त्यावर फक्त आजचं काम, गावाचं नाव हातभर अक्षरात. ट्रक हलायच्या आधी नत्थूनं ते नाव मोठ्यानं वाचायचं आणि प्रमिलाबाईंनी "हो" म्हटल्याशिवाय गाडी काढायची नाही. नत्थूला वाचताना लाज वाटायची, म्हणून तो पहिले काही दिवस शाळेतल्या कवितेसारखं चालीवर म्हणायचा. नवीन शोध सुचला तर वहीत लिहून वही प्रमिलाबाईंकडं द्यायची. जुना पूर्ण झाल्याशिवाय वही मिळणार नाही. बंडूजींना हे सगळं फार अपमानाचं वाटलं. मालक आपण, आणि परवानगी बायकोची.

जुलैत त्यांनी गोळी सोडली. कोणाला सांगितलं नाही. डोकं फार शांत झालंय, शांत डोक्यात चुणी सुचत नाहीत, असं त्यांना वाटायला लागलं होतं. पंधरा दिवस चहाच्या डब्यातली गोळी काढून ते खिडकीबाहेर टाकत राहिले. पंधराव्या दिवशी ते प्रमिलाबाईंना दवाखान्यात सोडून, औषधं घेऊन येतो म्हणाले आणि आले नाहीत. प्रमिलाबाई भर पावसात ऑटोनं घरी आल्या. बंडूजी गोदामात ड्रमच्या कूलरपाशी बसले होते. जुन्या दिवसांत त्या तोंड फिरवून आत गेल्या असत्या. या वेळी त्या ओल्या साडीनिशी समोर उभ्या राहिल्या. येताना खिडकीखालच्या चिखलात त्यांना एक गोळी दिसली होती.

"आधी मले वाटे का तुमाले माही किंमत नाई," त्या म्हणाल्या. "आता मले मालूम हाय का तसं नाई. म्हणून आता मी गप्प नाई बसत. गोळी काऊन सोडली?"

बंडूजींनी खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघं वर्ध्याला गेले. ज्योत्स्ना मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बरेच लोक एकदा सोडून बघतात. त्यांनी डॉक्टरांशी बोलून मात्रा बदलून घेतली, आणि चुणी सुचत नाहीत ही तक्रार हसण्यावारी न नेता लिहून घेतली. सुट्टीच्या दिवशी, काम नसताना, दोन तास काहीही अर्धवट करायची मोकळीक त्यांनी बंडूजींना दिली. गजर लावून, अर्थात. असं लेखी परवानगीनं अर्धवट काम करणारा सिंदीतला तो पहिला माणूस.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याचा मंडप बंडूजींकडंच आला, कारण दुसऱ्या मंडपवाल्यानं ऐन वेळी नाही म्हटलं. लाकडी बैल घेऊन सगळी सिंदी रस्त्यावर येते त्या दिवशी. बंडूजींचा मंडप आदल्या संध्याकाळी तयार होता. कमिटीची माणसं सकाळी धावपळ करायच्या तयारीनं आली आणि करायला काही न उरल्यामुळं आपसांत भांडत बसली. खांब खड्डा न खणता उभे होते. तो शोध ऑगस्टात पूर्ण झाला होता. भैय्याजी येऊन खांबाला हलवून गेले. पडला नाही, याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

सगळं ठीक झालं असं मात्र कोणी समजू नये. बंडूजी अजून मोटरसायकलची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतात. दिवाळीत त्यांनी एका गावाला खुर्च्या दोनदा पाठवल्या. अजून संध्याकाळी गोळीचा असर उतरला की ते चार वाक्यं चार दिशांना बोलतात आणि प्रमिलाबाई एखादं पकडून बाकीची सोडून देतात. पण त्यांना माहेराहून आणायला जायचं असलं की ते आता फळ्यावर सगळ्यात वर लिहिलेलं असतं, गावाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात, आणि नत्थू तेही मोठ्यानं वाचतो. दोनदा वेळेवर गेले. तिसऱ्यांदा तासभर आधी पोचले, तर सासूबाई घाबरल्या, कोणाला काही झालं की काय म्हणून.

वर्ष भरल्यावर ज्योत्स्ना मॅडमनी पुन्हा तोच प्रश्नांचा कागद काढला. या वेळी बंडूजींनी प्रत्येक प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेतला. शेवटी मॅडमनी विचारलं, तुमच्या मते सगळ्यात मोठा फरक कोणता पडला.

बंडूजींनी विचार केला. पूर्ण केला.

"आता लोकाईचं बोलणं पुरं आयकू येते मले," ते म्हणाले. "पह्यले वाटे का अर्धं निसटते, त्यात मोठं काही महत्त्वाचं असन. आता सगळं आयकून राह्यलो मॅडम. तसं काई नसते त्यात."

मॅडम हसल्या. प्रमिलाबाईंनी मात्र विचारलं की त्यात त्यांचंही बोलणं धरलं आहे का, आणि बंडूजी उत्तर द्यायच्या आधी, आयुष्यात पहिल्यांदा, थोडं थांबले.